‘चर्चचं काम आहे, चालतंय की!’ : वाचकांचे सॉफ्टवेअरचे प्रश्न

मंडळीसाठी, संडे स्कूलसाठी, मिशनसाठी ॲप किंवा वेबसाइट करणाऱ्या वाचकांकडून या वेळी प्रश्न मागवले होते. पत्रं बरीच आली आणि गंमत म्हणजे बहुतेक सगळी एकाच जागी येऊन अडकलीत, की दुसऱ्याने लिहिलेली लायब्ररी (म्हणजे आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडायचा तयार कोड) घ्यायची तर कुठली घ्यायची आणि तिच्या लायसन्सचं काय करायचं. नावं काढून टाकलीत, लांब पत्रं छोटी केलीत. एक वाक्य मात्र जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे, ‘चर्चचं काम आहे, आपल्यावर कोण केस करणार’. बहुतेक कोणी करणार नाही हे खरंय. पण ॲप स्टोअरवरून काढायला केस लागत नाही, हक्क असलेल्या माणसाची एक तक्रार पुरते. आणि सेवेच्या कामाला वेगळा नियम असतो असं कुठल्याच लायसन्समध्ये लिहिलेलं नाहीये.

प्रश्न : सलाम. आमच्या तरुण संघातले काही जण मिळून मराठी बायबल ॲप करतोय, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर. शोधल्यावर ‘सोर्ड’ नावाची लायब्ररी सापडली, फुकट आहे आणि ढीगभर बायबलं तयार मिळतात. घेऊन टाकावी का? (अहिल्यानगर)

सोर्ड चांगली आहे, हे आधी सांगून टाकतो. क्रॉसवायर बायबल सोसायटीचे स्वयंसेवक ती कित्येक वर्षं सांभाळतायत, झायफॉस, बायबलटाइम हे डेस्कटॉपवरचे प्रोग्रॅम तिच्यावरच चालतात. पण ‘फुकट आहे’ म्हणालात तिथे जरा थांबा. ती जीपीएल या लायसन्सच्या आवृत्ती २ खाली आहे, म्हणजे तुमच्या ॲपमध्ये ती जोडून ॲप लोकांना वाटलंत की अख्ख्या ॲपचा सोर्स कोड (प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर) त्याच अटींवर द्यायला लागतो, तुम्ही लिहिलेला भागसुद्धा. तुम्हाला कोड उघडा करायला हरकत नसेल (आणि मंडळीच्या ॲपमध्ये लपवण्यासारखं असतं तरी काय) तर ही अडचणच नाही. अडचण आयफोनला येते. जीपीएल म्हणतं की पुढच्या माणसावर जादा बंधनं घालायची नाहीत आणि ॲपलच्या स्टोअरच्या अटी ती घालतात, हा वाद जुना आहे. व्हीएलसी प्लेयर माहीत असेल, तो २०१० मध्ये आयफोनवर आला आणि जानेवारी २०११ मध्ये निघून गेला, कारण व्हीएलसीचा कोड लिहिणाऱ्यांपैकीच एकाने ॲपलकडे तक्रार केली. परत यायला २०१३ उजाडलं आणि तेही लायसन्स बदलून, ज्यासाठी आधी कोड लिहिलेल्या लोकांना शोधून शोधून परवानगी घ्यायला लागली.

दुसरी गाठ कमी लोकांना माहिती असते. अँड्रॉइडच्या बऱ्याच लायब्ररी अपाचे २.० लायसन्सखाली असतात आणि जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्याच मते अपाचे २.० आणि जीपीएल २ एकत्र नांदत नाहीत, जीपीएल ३ बरोबर चालतं. सोर्डच्या फाइलींमध्ये ‘आवृत्ती २’ एवढंच आहे, ‘किंवा पुढची’ असं नाही. त्यामुळे अँड्रॉइडला काही घ्यायचंच असेल तर क्रॉसवायरचीच जेसोर्ड बघा, ती जावामध्ये आहे आणि एलजीपीएल २.१ किंवा पुढची अशी आहे, म्हणजे लायब्ररीत केलेले बदल उघडे करायचे आणि वापरणाऱ्याला लायब्ररी बदलता येईल अशी सोय ठेवायची, बाकी तुमचा कोड तुमचा. अँड-बायबल हे ॲप जेसोर्डवरच उभं आहे, त्याचा स्वतःचा कोड जीपीएल ३ मध्ये उघडा आहे, वाचून बघा, शिकायला भरपूर मिळेल.

पण मी तुमच्या जागी असतो तर वेगळंच विचारलं असतं. तुम्हाला एकच मराठी बायबल दाखवायचंय ना? मग शेकडो बायबलं हाताळणारं इंजिन कशाला हवंय? मराठी मजकूर यूएसएफएम या बायबलच्या मजकुरासाठीच्या फॉरमॅटमध्ये मिळतो, तो वाचायला यूएसएफएम-ग्रामर ही एमआयटी या अगदी मोकळ्या लायसन्सची लायब्ररी आहे (भारतातच, ब्रिज कनेक्टिव्हिटी सोल्युशन्सने केलेली), ती एकदा चालवून वचनं एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या फाइलमध्ये भरा आणि ती फाइल ॲपबरोबर द्या. एसक्यूलाइट पब्लिक डोमेन आहे, म्हणजे त्यावर कोणाचा हक्क नाही, दोन्ही फोनवर चालतं, कोणाला काही विचारायला नको. फक्त शोधाची सोय करताना एक ध्यानात ठेवा, त्यातला शोधाचा भाग, एफटीएस५, नेहमीच्या सेटिंगमध्ये आपल्या काना-मात्रा-वेलांट्यांना अक्षरात धरतच नाही, शब्द मधेच तुटतात आणि मग ‘शोधलं पण सापडत नाही’ अशा तक्रारी येतात. टोकनायझरच्या (शब्द वेगळे करणाऱ्या भागाच्या) कॅटेगरीज ऑप्शनमध्ये एमएन आणि एमसी हे अशा चिन्हांचे दोन गट वाढवा म्हणजे येशू, ख्रिस्त, विश्वास सगळं नीट सापडेल.

थोडक्यात, ॲप कुठे कुठे वाटणार ते आधी कागदावर लिहा आणि मग लायब्ररी शोधायला बसा. आपल्याकडे बरोबर उलटं होतं, लायब्ररी आधी जोडतात आणि आयफोनवाला सभासद भेटला की डोक्याला हात.

प्रश्न : गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर एका भावाने वचन-पाठांतराचा सुंदर कोड टाकलाय, सगळ्यांना दिसतो, लायसन्सची फाइलच नाही. म्हणजे मोकळा आहे असंच ना? (सातारा)

उलटं. लायसन्स नाही म्हणजे सगळे हक्क त्याचे. भारतात कॉम्प्युटर प्रोग्रॅम हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने साहित्यकृतीत धरला जातो, लिहिल्याक्षणी हक्क लागू होतो, कुठे नोंदणी करायला लागत नाही. गिटहबवर सार्वजनिक ठेवल्याने तुम्हाला तो बघता येतो आणि गिटहबवरच फोर्क करता येतो (स्वतःच्या खात्यात त्याची प्रत घेता येते), एवढंच. त्या भावाला दोन ओळी लिहा की लायसन्सची फाइल टाकाल का, नव्वद टक्के लोकांना ते राहून गेलंय हेच माहीत नसतं आणि विचारलं की आनंदाने टाकतात.

प्रश्न : आमच्या चर्चच्या वेबसाइटवर वर्गणी आणि दानाच्या पावत्या पीडीएफमध्ये निघतात. डेव्हलपरने आयटेक्स्ट ही पीडीएफ बनवणारी लायब्ररी वापरलीय. आता एक जण म्हणतो हे बेकायदा आहे. आम्ही तर कोणाला सॉफ्टवेअर वाटतच नाही, सर्व्हरवरच चालतं. (पुणे)

तुमचा मुद्दा साध्या जीपीएलला लागू पडला असता, वाटलं नाही तर बंधन नाही. पण आयटेक्स्टने आवृत्ती ५ पासून, म्हणजे २००९ च्या शेवटापासून, एजीपीएल घेतलंय आणि एजीपीएलचं कलम १३ नेमकं सर्व्हरवाल्यांसाठीच लिहिलंय, की बदल केलेला प्रोग्रॅम नेटवरून वापरणाऱ्यालासुद्धा सोर्स मागायचा हक्क. तुमचा साइटचा कोड बंद असेल तर त्यांचं व्यावसायिक लायसन्स घ्यायला पाहिजे अशी त्या कंपनीची उघड भूमिका आहे. तेव्हा रस्ते तीन. साइटचा सगळा कोड एजीपीएलखाली उघडा करा, नाहीतर पैसे भरा, नाहीतर लायब्ररी बदला.

बदलणं सोपं पडेल. आयटेक्स्टच्या जुन्या आवृत्ती ४ पासून निघालेली ओपनपीडीएफ आहे, एलजीपीएल आणि एमपीएल अशा दुहेरी लायसन्सची. अपाचेची पीडीएफबॉक्स आहे. पण पावती मराठीत काढायची असेल (आणि काढाच, आजी-आजोबांना इंग्रजी पावती देऊन काय उपयोग) तर लायसन्सच्या आधी एक टेस्ट करा, ‘ख्रिस्ती मंडळी’, ‘स्वीकृती’ आणि ‘विद्यार्थी’ हे शब्द छापून बघा. बऱ्याच पीडीएफ लायब्ररी देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे टाकतात, जोडाक्षरं फोडून पाय मोडून दाखवतात, कारण त्या अक्षरं एकामागून एक नुसती मांडत जातात. अक्षरं जोडायचं काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते, लायसन्स एमआयटीच्या जातीचं, काही त्रास नाही. पायथॉन येत असेल तर वीझीप्रिंट घ्या, बीएसडी हे मोकळं लायसन्स आहे, साध्या एचटीएमएलवरून पीडीएफ करतं आणि आतून अक्षरं मांडायला पँगो आणि हार्फबझच वापरतं, मराठी छान येतं. तेही जमत नसेल तर सर्व्हरवर क्रोमियम हा ब्राउझर ठेवून त्याच्याकडूनच पीडीएफ छापून घ्यायचं, जरा जड प्रकार आहे पण चालतो.

आणि डेव्हलपरवर चिडू नका हो. इंटरनेटवरची जावाची जुनी उदाहरणं बघून काम केलं की आयटेक्स्टच हाताला लागतं, त्या उदाहरणांमध्ये लायसन्सचा एक शब्द नसतो.

प्रश्न : आपण ख्रिस्ती लोकांनीच लिहिलेल्या लायब्ररी वापराव्यात का? आणि आमच्या कोडचा वापर धर्माविरुद्ध होऊ नये अशी अट लायसन्समध्ये घालता येईल का? (नाशिक)

पहिल्याचं उत्तर नाही. शलमोनाने मंदिर बांधलं तेव्हा गंधसरूचं लाकूड सोरच्या हीराम राजाकडून आलं, त्याची माणसं लाकूडतोडीत तरबेज होती म्हणून, आणि बदल्यात शलमोनाने दरवर्षी गहू आणि तेल पोचतं केलं, १ राजे ५ काढून वाचा. लाकूड कोणी तोडलं याची चौकशी तिथे नाही, किंमत चुकती केल्याची नोंद मात्र आहे. लायसन्सची अट म्हणजे तेच गहू-तेल समजा.

दुसऱ्याचं उत्तर, घालता येईल पण घालू नका. डग्लस क्रॉकफर्ड या प्रोग्रॅमरने जेसन या डेटा फॉरमॅटच्या कोडला एमआयटीचंच लायसन्स लावलं होतं आणि त्यात एक ओळ वाढवली होती, की हे सॉफ्टवेअर भल्यासाठी वापरावं, वाईटासाठी नाही. ऐकायला किती छान! पण भलं कोणाच्या मते? वकील हेच विचारतात. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने ते लायसन्स मुक्त मानलं नाही, डेबियन या लिनक्सवाल्यांनी असला कोड घेतला नाही आणि अपाचे फाउंडेशनने २०१६ मध्ये आपल्या प्रकल्पांना त्याची बंदी केली. एका सद्भावनेच्या ओळीने कोड वापरायला लोक घाबरायला लागले. ओपन सोर्सच्या व्याख्येतच आहे की माणसांत भेद करायचा नाही आणि वापराच्या क्षेत्रातही करायचा नाही, तुमची अट आली की तुमचा कोड ओपन सोर्स राहत नाही आणि बाकीचे प्रकल्प तो घेऊ शकत नाहीत. ज्याला धर्माविरुद्ध वापरायचाय तो अट वाचून थांबणारे का? थांबणार ते आपलेच.

याच्या उलट एसक्यूलाइटवाल्यांनी काय केलं बघा. रिचर्ड हिप आणि त्याच्या टीमने कॉपीराइटच सोडून दिला आणि फाइलीच्या सुरुवातीला जिथे लायसन्स असतं तिथे आशीर्वाद लिहिला. त्याचा भाव असा, की तुझ्या हातून भलं होवो, वाईट न होवो, तुला क्षमा मिळो आणि तूही दुसऱ्यांना क्षमा कर, मोकळ्या हाताने वाटत जा आणि देतोस त्याहून जास्त कधी घेऊ नकोस. हा आशीर्वाद आहे, अट नाही, त्यामुळे कोणी घाबरत नाही आणि आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये तो कोड आहे. याच टीमने संत बेनेडिक्टच्या नियमावलीतला चौथा अध्याय आपली आचारसंहिता म्हणून लावला होता, त्यावरून २०१८ मध्ये बराच गदारोळ झाला, मग तिला नीतिसंहिता असं नाव देऊन ठेवली आणि आचारसंहितेसाठी मोझिलाचे नियम घेतले. दुसऱ्याच्या अंगावर काही न लादता श्रद्धा अशीही सांगता येते. मला ही पद्धत फार आवडते, कोणी काहीही म्हणो.

तुमची खरी भीती अशी असेल की कोणी वचनं बदलून तुमच्याच नावाने फिरवेल, तर त्याला लायसन्स नाही, नाव उपयोगी पडतं. वर्ल्ड इंग्लिश बायबल पूर्ण पब्लिक डोमेन आहे पण त्याचं नाव ट्रेडमार्क आहे, मजकूर बदललात तर ते नाव लावायचं नाही. कोड मोकळा ठेवा, नाव आणि लोगो राखून ठेवा.

प्रश्न : ॲपमध्ये कुठला मराठी फॉन्ट टाकावा? आमच्याकडे श्रीलिपीचा विकत घेतलेला सेट आहे. (सोलापूर)

छपाईसाठी विकत घेतलेला फॉन्ट आणि ॲपबरोबर हजारो फोनवर पाठवायचा फॉन्ट या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. तुमच्या सेटच्या कागदात दुसरी आहे का ते बघा, कागद नसेल तर नाही असंच धरा. शिवाय जुना मजकूर युनिकोडमध्ये नसेल तर आधी तो बदलून घ्यावा लागेल, त्याशिवाय ॲपमध्ये शोध चालणारच नाही.

सोपा मार्ग म्हणजे ओपन फॉन्ट लायसन्स, ओएफएल, असलेला फॉन्ट. हे लायसन्स लिहिलं कोणी माहितीये? एसआयएलने, ज्यांची सुरुवात १९३४ मध्ये बायबल भाषांतर करणाऱ्यांना भाषाशास्त्र शिकवायच्या उन्हाळी वर्गातून झाली. लहान लहान भाषांसाठी फॉन्ट करता करता त्यांना कळलं की सॉफ्टवेअरची लायसन्स फॉन्टला नीट बसत नाहीत, म्हणून स्वतःच लिहिलं, २००७ पासून आवृत्ती १.१ चालू आहे आणि आज गूगल फॉन्ट्सवरचे बहुतेक फॉन्ट त्याखाली आहेत. एसआयएलचाच अन्नपूर्णा हा देवनागरी फॉन्ट आहे, मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बलू आहेत, नोटो सान्स देवनागरी आहे, सगळे ओएफएल. अटी हलक्या आहेत, नुसता फॉन्ट वेगळा विकायचा नाही, लायसन्सचा मजकूर बरोबर ठेवायचा आणि फॉन्टमध्ये बदल केलात तर राखून ठेवलेलं नाव लावायचं नाही. आणि हो, ॲपमध्ये भाषा मराठी आहे असं कोडमध्ये नमूद करा. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात तेवढ्याने आपल्या वळणाचे ल आणि श येतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात आणि मग मंडळीतले निवृत्त शिक्षक पत्र पाठवतात.

प्रश्न : कोड ठीक, पण बायबलचा मजकूर आणि गीतं? आम्ही आमच्या धर्मग्रामासाठी ॲप करतोय, त्यात सुबोध बायबल आणि चर्चमध्ये म्हणतो ती सगळी गीतं टाकायचीत. देवाचं वचन कोणाच्या मालकीचं कसं असेल? (वसई)

वचन नसेल, भाषांतर असतं. सुबोध बायबल फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं, ते २०२४ मध्ये गेले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे हा २०८४ च्या शेवटापर्यंत चालेल, तेव्हा ज्याच्याकडे हक्क आहेत त्याच्याकडून लेखी परवानगी घ्या, तोंडी नको. बायबल सोसायटीच्या मजकुरालाही परवानगी लागते. इथे एक घोळ वारंवार होतो, लायब्ररी जीपीएल आहे म्हणून तिच्याबरोबर उतरवता येणारे मजकूरही मोकळे आहेत असं लोक धरून चालतात. क्रॉसवायरकडच्या कितीतरी बायबलांना परवानगी फक्त क्रॉसवायरला मिळालेली आहे, तुम्हाला नाही. कोडचं लायसन्स कोडचं, मजकुराचं मजकुराचं.

मोकळे पर्याय दोन सांगतो. एक, पंडिता रमाबाईंचं भाषांतर. त्या १९२२ मध्ये गेल्या, बायबल १९२४ मध्ये आलं, हक्काची मुदत केव्हाच संपली. कोणी ते नव्याने टाइप केलं असेल आणि माझा कॉपीराइट म्हणत असेल तर नुसत्या टायपिंगला आपल्याकडे कॉपीराइट मिळत नाही, थोडी तरी स्वतःची निर्मिती लागते असं सुप्रीम कोर्टाने ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात २००७ मध्ये सांगितलंय. टायपिस्टचे आभार जरूर माना. भाषा मात्र जुनी आहे, पोरांना जड जाईल. दोन, इंडियन रिवाइज्ड व्हर्जन मराठी, भाषा सोपी आणि लायसन्स क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए ४.०. म्हणजे श्रेय द्यायचं, लायसन्सचा उल्लेख करायचा, आणि मजकुरातच फेरफार केलात तर तो फेरफार केलेला मजकूर त्याच अटींवर मोकळा ठेवायचा. तुमचा कोड त्याने बांधला जात नाही. लायसन्समध्ये ‘एनसी’ (व्यावसायिक वापर नको) दिसलं तर मात्र जाहिराती असलेल्या ॲपमध्ये ते घेऊ नका, आणि ‘एनडी’ दिसलं तर बदल करून वाटता येत नाही.

गीतांचं असं आहे की उपासनेत, मिस्सेत गाणं वेगळं आणि ॲपमध्ये छापणं वेगळं. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गीत गायलं-वाजवलं तर ते उल्लंघन नाही, कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्येच तशी सूट आहे. पण ती सूट ॲपमध्ये शब्द टाकायला किंवा रेकॉर्डिंग द्यायला पुरत नाही. नारायण वामन टिळकांची गीतं बिनधास्त टाका, ते १९१९ मध्ये गेले. आजच्या गायकांच्या गीतांना विचारा. आणि टिळकांच्या गीताचं कोणी हल्ली केलेलं रेकॉर्डिंग टाकणार असाल तर शब्द मोकळे असले तरी रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा असतो, तोही विचारा. कंटाळवाणं काम आहे, पण एक एक्सेल शीट करून गीत, लेखक, मृत्यूचं साल, परवानगी असे रकाने केले की दोन रविवारांत उरकतं.

प्रश्न : आमचं ॲप स्वयंसेवक लिहितात, बहुतेक जण हिंजवडीत आयटीत आहेत. कोड चर्चचाच झाला ना? (पिंपरी-चिंचवड)

नाही झाला. नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक कंपनी असते, पण स्वयंसेवक तुमचा नोकर नाही, त्यामुळे त्याने लिहिलेलं त्याचंच. हक्क लिहून घ्यायचे तर सहीचा कागद लागतो आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षंच धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दुबईतल्या मंडळीने ॲप वापरायला घेतलं की हा प्रश्न उभा. मला विचाराल तर हक्क लिहून घेण्याच्या भानगडीत पडूच नका. प्रकल्पाला पहिल्याच दिवशी एमआयटी किंवा अपाचे असं मोकळं लायसन्स लावा, सगळे जण त्याच लायसन्सखाली कोड देतात असं रीडमीमध्ये (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमध्ये) लिहा आणि लिनक्सवाले २००४ पासून करतात तसं प्रत्येक कमिटला (कोडमध्ये नोंदवलेल्या प्रत्येक बदलाला) ‘हा कोड द्यायचा मला हक्क आहे’ अशी साइन-ऑफची ओळ मागा.

ती ओळ तुमच्या बाबतीत फारच महत्त्वाची आहे, कारण आयटीतल्या पोरांच्या नोकरीच्या करारात बऱ्याचदा असं कलम असतं की नोकरीत असताना लिहिलेलं सगळं कंपनीचं, रात्री घरी बसून लिहिलं तरी. त्यांना करार काढून वाचायला सांगा. कंपनीचा लॅपटॉप तर अजिबात नको. एचआरला एक मेल करून परवानगी घेतली की बहुतेक ठिकाणी मिळते.

प्रश्न : लायसन्स बरोबर आहे पण लायब्ररी चांगली की वाईट हे कसं ओळखायचं? गिटहबवरचे स्टार बघून घेतो आम्ही. (कोल्हापूर)

स्टार म्हणजे कोणीतरी कधीतरी बघून गेलं, यापलीकडे फार काही कळत नाही. मी आधी बघतो शेवटचा बदल कधी झाला, मग उघडे पडलेले प्रश्न, कोणी उत्तर देतंय का की दोन वर्षं नुसती विनवणी चालू आहे. मग किती माणसं सांभाळतात. एकच माणूस असेल तर वाईट नाही, पण तो दमला की काय होतं ते २०२४ मध्ये दिसलं, एक्सझेड नावाची छोटी लायब्ररी एकटा माणूस सांभाळत होता, मदतीला आलेल्या ‘भल्या’ माणसाने दोनहून जास्त वर्षं विश्वास कमावला आणि मग चोरदरवाजा बसवला, तो एका इंजिनिअरच्या ध्यानात आला ते लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो म्हणून. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीमचं थोडंफार असंच झालं, सांभाळायला दुसऱ्याकडे दिली आणि त्याने बिटकॉइन चोरणारा कोड घुसवला. आणि २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड ही ११ ओळींची लायब्ररी लेखकाने रागावून काढून घेतली तर जगभर तिच्यावर अवलंबून असलेले प्रोग्रॅम तयार होणं बंद पडलं. अकरा ओळी! त्या स्वतः लिहायच्या होत्या.

म्हणून अकरा ओळींचं काम असेल तर लिहून टाका. मोठं काम असेल तर घ्या, पण आवृत्ती लॉक फाइलमध्ये पक्की करा (म्हणजे ती आपोआप बदलणार नाही), आणि ती लायब्ररी स्वतःबरोबर किती नातेवाईक घेऊन येते ते बघा, एक मागवली की पन्नास येतात आणि प्रत्येकीचं लायसन्स वेगळं. सगळी हाताने बघायची गरज नाही, जावास्क्रिप्टच्या एनपीएमला लायसन्स-चेकर आहे, पायथॉनला पिप-लायसन्सेस, यादी काढून देतात, त्यात जीपीएल, एजीपीएल किंवा ‘अननोन’ दिसलं की तेवढंच हाताने तपासा. ॲप बनवायला फ्लटर वापरत असाल तर लायसन्सचं तयार पान एका ओळीत दाखवता येतं. ते पान ठेवाच, कारण एमआयटीसारख्या मोकळ्या लायसन्सचीही एक अट असते की कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर बरोबर गेला पाहिजे, आणि नेमकी तीच सगळे विसरतात.

मंडळीच्या ॲपचं आणखी एक. ॲप लिहिणारा मुलगा दोन वर्षांत बंगळुरूला जातो, ॲप मागे राहतं. प्ले स्टोअर दरवर्षी नव्या अँड्रॉइडसाठी ॲप अद्ययावत करायला लावतं, नाही केलं तर नवीन फोनवर ते दिसेनासं होतं, आणि तेव्हा तुमची लायब्ररी मेलेली असेल तर मागे राहिलेल्या माणसाला काहीच करता येत नाही. तेव्हा झगमगीत नवीन पेक्षा कंटाळवाणी जुनी पण चालू असलेली घ्या.

प्रश्न : जीपीएल असलेलं सॉफ्टवेअर विकता येतं का? (मडगाव)

येतं. किंमत कितीही लावा, पण घेणाऱ्याला सोर्स द्यायला लागतो आणि तो पुढे फुकट वाटू शकतो. ‘फुकट मिळालं, फुकट द्या’ हे मत्तय १०:८ मध्ये आहे, जीपीएलमध्ये नाही.

प्रश्न : आमच्या खेड्यातल्या चर्चमध्ये गीतांचे शब्द पडद्यावर दाखवायला ओपनएलपी वापरतो. ते जीपीएल आहे असं कळलं. आता आम्हालाही सोर्स कोड वगैरे द्यायला लागेल का? भीती वाटली म्हणून विचारलं. (जालना)

नाही, काहीही द्यायला लागत नाही. जीपीएलची बंधनं वाटणाऱ्याला आहेत, वापरणाऱ्याला नाहीत. शेजारच्या चर्चला पेनड्राइव्हवर द्यायचं असेल तर स्वतःची कॉपी देण्यापेक्षा त्यांच्या वेबसाइटवरून उतरवून घ्यायला सांगा, म्हणजे सोर्स द्यायची जबाबदारीही तुमच्यावर येत नाही आणि त्यांना नवीन आवृत्ती मिळते. रविवारी निर्धास्त वापरा.